वजन उतरविणाऱ्यास पैसे द्यावेत काय?

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा इतिहास येईल, दिवंगत दात्यांचे स्मरण येईल, शिष्यवृत्ती मिळवून पुढे आलेल्या विद्यार्थ्यांची मनोगते येतील. आमच्याकडे मात्र कार्यकारी मंडळाने जरा वेगळा विषय सोपविला आहे. गेल्या वार्षिक सभेत त्यावर बराच वाद झाला आणि चहा निवून गेला तरी निकाल लागला नाही, हे सभासदांस स्मरत असेलच.

प्रसंग असा. वजन कमी करू इच्छिणाऱ्या सभासदांकरिता न्यासाच्या सभागृहात सकाळचा वर्ग सुरू करण्यात आला होता. पहिल्या आठवड्यात सतरंज्या कमी पडल्या. तिसऱ्या आठवड्यात निम्मी मंडळी उरली. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस शिक्षक, किल्ली सांभाळणारे काका आणि तीन निष्ठावंत भगिनी एवढीच उपस्थिती राहिली. तेव्हा सभेत एका तरुण सभासदाने सूचना मांडली, की जो नियमाने येईल आणि वजन उतरवील त्यास न्यासाने रोख बक्षीस द्यावे. त्यावर एक वयोवृद्ध सभासद ताडकन उठले आणि म्हणाले, "ज्या पेटीत आमच्या आईबापांनी गरीब मुलांच्या फीकरिता पैसे टाकले, त्या पेटीतून आता भरल्या पोटांना पैसे द्यायचे?" सभा स्तब्ध झाली.

आम्हांस दोघांचेही म्हणणे पटले, आणि म्हणूनच हा प्रश्न रागलोभ बाजूस ठेवून पाहावा असे वाटले. वजन उतरविण्याच्या कामी पैशाचा उपयोग होतो काय, होत असल्यास किती काळ, आणि तो पैसा कोणाचा असावा, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. असे प्रयोग बहुतांशी अमेरिका व इंग्लंड या देशांत झाले असल्याने उदाहरणे तिकडची येतील. निष्कर्ष मात्र आपल्या घरच्या तराजूवर तोलून घेऊ.

प्रश्न चैनीचा नाही

प्रथम, वजनाचा प्रश्न हा भरल्या पोटाची चैन आहे हा समज दूर केला पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वजनाच्या किलोंस मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्यास शरीरभारांक म्हणतात. तो दोघांचाही अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के भरली आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ आणि आतून मेदयुक्त, अशी आपल्याकडील अनेकांची प्रकृती आहे. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली असे ठरविले, की शरीरभारांक २३ झाला की आपण सावध व्हावे आणि २५ झाला की स्थूल समजावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख आहेत. हा रोग आता बंगल्यांपुरता राहिलेला नाही. शिवणयंत्रावर बसणारी भगिनी, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे बंधू, निवृत्त कारकून, सर्वांच्या घरी ती गोळ्यांची डबी आढळते. आणि कर्त्या माणसाचे मूत्रपिंड किंवा दृष्टी गेली म्हणजे त्याच घरातील मुलाच्या फीकरिता न्यासाकडे अर्ज येतो, हे शिष्यवृत्ती समितीच्या सभासदांस आम्ही सांगावयास नको.

समाधानाची गोष्ट अशी, की त्याकरिता शरीराची काठी करावी लागत नाही. २००२ साली अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवरील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे वजन ७ टक्के उतरविणे आणि आठवड्यास दीडशे मिनिटे चालणे किंवा तत्सम व्यायाम करणे, एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या मानाने ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ८० किलोच्या माणसाने पाचसहा किलो उतरविले तरी पुष्कळ साधते, असा याचा अर्थ.

वर्ग ओस का पडतात?

मग एवढे साधे काम होत का नाही? आम्हांस वाटते, याचे उत्तर ज्ञानाच्या अभावात नाही. गोड कमी खावे, चालावे, रात्री उशिरा जेवू नये, हे कोणास ठाऊक नाही? अडचण हिशेबाची आहे. जिलबीचा आनंद आत्ताचा, आणि तिची किंमत दहा वर्षांनी चुकवावयाची. पहाटे उठण्याचा त्रास आजचा, आणि त्याचे फळ केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. मनुष्य हातातले पाहतो, लांबचे विसरतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू खाऊन 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण सार्थ करतो, ती याच कारणाने.

बक्षिसामागील युक्ती एवढीच, की दूरचे फळ थोडे जवळ आणावयाचे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या निरोगी मूत्रपिंडाऐवजी या महिन्याच्या अखेरीस मिळणारी नोट मनुष्यास स्पष्ट दिसते. ही युक्ती चालते काय, हे पाहण्याकरिता रीतसर प्रयोग झाले आहेत.

फिलाडेल्फियातील १९ जणांचे तीन गट

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झालेला असा एक प्रयोग डॉ. केव्हिन व्हॉल्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. तो लहान असला तरी मासलेवाईक आहे. ३० ते ७० वर्षे वयाच्या ५७ स्थूल व्यक्तींचे १९-१९ चे तीन गट करण्यात आले. प्रत्येकाने १६ आठवड्यांत १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो, वजन उतरवावे असे ठरले.

पहिल्या गटाचे महिन्यास एकदा वजन करीत, बाकी काही नाही. दुसऱ्या गटाकरिता रोजची सोडत होती. त्यांनी सकाळी घरी वजन करून कळवावयाचे. वजन ठरल्याप्रमाणे असेल आणि नंबर लागला तर कधी १० डॉलर, क्वचित १०० डॉलर मिळत. वजन चुकलेल्या दिवशी नंबर लागला असेल, तर आज काय मिळाले असते हेही कळविले जाई, म्हणजे हळहळ ठरलेली! तिसऱ्या गटाने स्वतःची अनामत ठेवावयाची होती. रोज एका सेंटपासून ३ डॉलरपर्यंत, ज्याने त्याने ठरवावी तेवढी. प्रयोग करणारे तीत तेवढीच भर घालीत आणि वर रोजचे ३ डॉलर देत. महिन्याच्या अखेरीस वजन जमले तर सर्व पैसे परत. न जमले तर स्वतःचेही गेले.

परिणाम काय झाला? नुसते वजन करणाऱ्या १९ पैकी २ जणांनी उद्दिष्ट गाठले. सोडतीच्या गटातील १० जणांनी आणि अनामतीच्या गटातील ९ जणांनी. सरासरीने पहिल्या गटाचे पावणेदोन किलो वजन उतरले, तर पैशाच्या दोन्ही गटांचे सुमारे सहा सहा किलो. पैसा बोलतो हे सिद्ध झाले.

पण गोष्ट येथे संपत नाही. पैसे बंद झाल्यावर सातव्या महिन्यात सर्वांस पुन्हा तराजूवर उभे केले, तेव्हा पैशाच्या गटांनी गमावलेल्या वजनापैकी बरेचसे परत आले होते. अनामतीच्या गटाची निव्वळ घट २.८ किलो उरली, सोडतीच्या गटाची ४.२ किलो, आणि काहीही न मिळालेल्यांची २ किलो. हा उरलेला फरक इतका लहान, की तो योगायोगाचा नाही असे शास्त्रज्ञांस छातीठोकपणे म्हणता येईना.

पैसा आहे तोवर मनुष्य तराजूवर येतो, आणि पैसा थांबला की पाय मंदावतात, हा या विषयातील मुख्य धडा आहे. ज्या योजनेत पैसे संपल्यानंतरच्या दिवसाचा विचार नाही, ती योजना अपुरी समजावी. हीच गोष्ट वजन उतरविण्याच्या नव्या इंजेक्शनांनाही लागू पडते. ती बंद केली म्हणजे वजन बहुधा परतू लागते. ती घ्यावीत की नाही हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे.

गमावण्याचे भय

पैसा किती दिला याहून तो कसा दिला, यास अधिक महत्त्व आहे. शंभर रुपये सापडल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकतो. शंभर रुपये हरवल्याचे दुःख आठवडाभर बोलून दाखवितो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे रीतसर मांडले, की लाभाच्या सुखापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख मनुष्यास अधिक बोचते.

ब्रिटनमध्ये बेलफास्ट, ब्रिस्टल व ग्लासगो या भागांत ५८५ स्थूल पुरुषांवर केलेल्या प्रयोगात याच स्वभावाचा उपयोग केला गेला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्या पुरुषांपैकी एका गटास प्रथमच सांगण्यात आले, की तुमच्या नावे ४०० पौंड ठेवले आहेत. तीन महिन्यांत ५ टक्के वजन उतरले नाही तर त्यातून कापले जातील, सहा महिन्यांत १० टक्के झाले नाही तर आणखी कापले जातील, आणि सर्वांत मोठा भाग, २०० पौंड, वर्षाअखेर ती १० टक्के घट टिकली नाही तर जाईल. सोबत धीर देणारे संदेश दूरध्वनीवर येत. वर्षाअखेर या गटाचे वजन सरासरी ४.८ टक्क्यांनी उतरले. काहीच न मिळालेल्यांचे १.३ टक्क्यांनी. ज्यांस नुसतेच संदेश मिळाले त्यांचे २.७ टक्के उतरले, पण तो फरक खात्रीलायक नव्हता. मोठी रक्कम वजन टिकविण्यावर ठेवली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

याउलट उदाहरण पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतील सुमारे दोनशे कर्मचाऱ्यांचे. जो ५ टक्के वजन उतरवील त्यास आरोग्यविम्याच्या हप्त्यात वर्षाकाठी ५५० डॉलरची सूट, असा लोभ दाखविण्यात आला. रक्कम लहान नव्हती. पण वर्षभराने पाहतात तो वजने जवळजवळ जेथल्या तेथे! २०१६ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. सूट पगारपत्रकातील आकड्यांच्या गर्दीत लपलेली असल्याने ती कोणास जाणवलीच नाही, असे त्याचे एक कारण दिले जाते. हातात पडलेली दहाची नोट हिशेबातील हजारापेक्षा मोठी असते, हे आपल्या घरातील गृहिणींस अर्थशास्त्र न शिकताच ठाऊक आहे.

पाच जणांची भिशी

आपणांस सर्वांत जवळचा वाटावा असा प्रयोग २०१३ सालचा आहे. फिलाडेल्फियातील एका बाल रुग्णालयाच्या १०५ कर्मचाऱ्यांवर तो झाला. काहींस सांगितले, की महिन्याचे वजन जमले तर तुम्हांस १०० डॉलर. इतरांचे पाच पाच जणांचे गट करून सांगितले, की गटास महिन्याचे ५०० डॉलर. ज्यांचे वजन जमेल त्यांनी ते वाटून घ्यावेत. म्हणजे चौघे चुकले आणि एकाने पाळले, तर पाचशेही त्या एकाचे. सहा महिन्यांनी एकेकट्याचे वजन सरासरी १.७ किलो उतरले, आणि गटातील माणसांचे ४.८ किलो. प्रथम राखून ठेवावयाची रक्कम दोन्हीकडे सारखीच, पण गुण जवळजवळ तिप्पट.

यात आम्हांस तरी नवल वाटले नाही. आपल्या समाजात भिशी वर्षानुवर्षे चालते ती काही करारपत्राच्या बळावर नव्हे. प्रत्येकीचा हप्ता ठरल्या दिवशी येतो, कारण बाकीच्या नऊजणी चहाचे कप हातात धरून वाट पाहत असतात. 'वहिनी, गेल्या वेळी का आला नाहीत?' या एका प्रश्नात जी शक्ती आहे ती कोणत्याही नोटीशीत नाही.

हजेरीस पैसे की उतरलेल्या किलोस?

आता बक्षीस कशावर ठेवावे? न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथील गरीब वस्त्यांतील ६६८ स्थूल व्यक्तींवर हा प्रश्न घालून पाहण्यात आला आणि २०२२ च्या अखेरीस उत्तर प्रसिद्ध झाले. सर्वांस वजनाचा काटा, वर्गाची सभासदी वगैरे साधने दिली होती. एका गटास वर्गास येणे, खाण्याची नोंद ठेवणे, व्यायाम करणे यांकरिता पैसे मिळत. दुसऱ्यास वजन उतरल्याबद्दल. सहा महिन्यांनी वजन ५ टक्के किंवा अधिक उतरविणारे, केवळ साधने मिळालेल्या गटात शंभरात २२ होते, प्रयत्नास पैसे मिळणाऱ्यांत ३९, आणि फळास पैसे मिळणाऱ्यांत ४९.

केवळ आकडा पाहिला तर फळास पैसे द्यावेत असे दिसते. परंतु प्रयत्नाचा एक गुण आकड्यात मावत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील विद्यार्थ्यांस महिनाभरात आठ वेळा व्यायामशाळेत गेल्याबद्दल पैसे देण्यात आले. पैसे थांबल्यानंतरही ती मुले इतरांहून अधिक जात राहिली, आणि ही वाढ मुख्यतः पूर्वी न जाणाऱ्यांत होती. महिनाभरात पायांस वाट ओळखीची झाली. आपल्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांची परंपरा मोठी आहे. तेथे गेलेल्या वडीलधाऱ्यांस विचारा, ते हेच सांगतील की पहिला महिना दुसऱ्याने न्यावे लागते, पुढे न गेल्यास चुकल्याचुकल्यासारखे होते.

सोने, तराजू आणि दंड

तराजू आणि द्रव्य यांचा संबंध आपल्या इतिहासास नवा नाही. १६६५ साली महाबळेश्वरी शिवाजी महाराजांनी जिजाऊमातेची सुवर्णतुला केली, आणि ते सोने दान केले. तेथे वजन जेवढे अधिक तेवढे पुण्य अधिक! दुबईच्या नगरपालिकेने २०१३ साली रमजानच्या महिन्यात हा तराजू उलटा धरला. किमान २ किलो वजन उतरवावे आणि उतरलेल्या प्रत्येक किलोस एक ग्रॅम सोने न्यावे. हजारो लोकांनी नावे नोंदविली. सोन्याचे नाव काढताच माणसे धावतात हे खरे. पण महिन्याची शर्यत लावली म्हणजे महिन्याचीच धाव मिळते. इटलीतील वराल्लो सेझिया या लहानशा गावाच्या नगराध्यक्षांनी २००७ साली जाहीर केलेली योजना आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. महिन्यात ४ किलो उतरविणाऱ्या पुरुषास आणि ३ किलो उतरविणाऱ्या स्त्रीस ५० युरो. पण ते वजन पुढे पाच महिने टिकविले तर आणखी २०० युरो.

पैशाचे धोकेही पाहिले पाहिजेत. पहिला धोका लबाडीचा. पहिल्या वजनाच्या दिवशी पोटभर जेवून आणि दोन तांबे पाणी पिऊन यावयाचे, आणि शेवटच्या दिवशी निर्जळी करून! यात पैसे मिळतात, पण प्रकृती ढासळते. दुसरा धोका त्याहून गंभीर. ज्यांस वजन उतरविण्याची गरजच नाही, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले, फार वृद्ध, खाण्यासंबंधी मनाचा विकार असलेले, इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारे, यांस पैशाच्या लोभाने उपाशी ठेवणे हा अपराध होईल. मधुमेही माणसाने डॉक्टरांस न विचारता जेवण कमी केले तर साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

तिसरा धोका सूक्ष्म आहे. इस्रायलमधील हैफा शहरातील बालवाड्यांत पालक मुलांस न्यावयास उशिरा येत, म्हणून काही बालवाड्यांनी दंड बसविला. उशीर घटण्याऐवजी सुमारे दुप्पट झाला! पूर्वी बाईंसमोर ओशाळणारा पालक आता दहा शेकेल टाकून मोकळा होऊ लागला. आणि दंड रद्द केल्यावरही जुनी लाज परतली नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मग आपल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी काय केले, असे कोणी विचारील. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. परंतु महाराज दंडावरच थांबले नाहीत. गावोगावी शाळा उघडल्या, शिक्षण विनामूल्य केले, वाचलेले विसरू नये म्हणून ग्रंथालयांचे जाळे विणले. दंड हा कुंपणाचा काटा होता. बाग निराळ्याच कष्टाने फुलली. पैशाचे स्थान असेच कुंपणाचे असावे.

मग आपण काय करावे?

आता त्या वयोवृद्ध सभासदांच्या प्रश्नाकडे वळू. आमचे नम्र मत असे, की शिष्यवृत्तीच्या पेटीस हात लावू नये आणि तरुण सभासदाची सूचनाही टाकून देऊ नये. या दोहोंचा मेळ अनामतीच्या पद्धतीने बसतो, कारण तेथे पैसा ज्याचा त्याचाच असतो. कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ एक आराखडा देतो.

१. वर्गास येणाऱ्यांचे पाच पाच जणांचे गट करावेत. शक्य तो शेजारी, जावा, मित्र असे ओळखीचे असावेत. प्रवेशापूर्वी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांची लेखी संमती आणावी.

२. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, पण गेल्यास थोडी बोचेल एवढी अनामत ठेवावी. ज्यांस ते शक्य नाही त्यांच्या नावे एखाद्या दात्याने या कामाकरिता म्हणून दिलेली स्वतंत्र देणगी ठेवावी. ब्रिटनमधील प्रयोगात पैसे अगोदरच नावे ठेवले होते, तेच येथे करावयाचे.

३. अनामतीचा निम्मा भाग हजेरीवर परत मिळावा आणि तो दर महिन्यास, हातात, सर्वांसमक्ष द्यावा. एक चतुर्थांश सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरल्यावर, आणि उरलेला चतुर्थांश ते वजन वर्षाअखेर टिकल्यावर द्यावा. महिन्यास दोन किलोंहून अधिक उतरलेल्या वजनास कोणताही लाभ नसावा.

४. चुकलेल्याचे पैसे न्यासाने घेऊ नयेत. यात दोन कारणे आहेत. सभासदांच्या अपयशावर संस्थेचा गल्ला भरणे शोभत नाही, हे एक. दुसरे असे, की पैसे गरीब मुलांस गेले म्हटले की चुकणाऱ्याच्या मनास टोचणी राहत नाही. 'चला, सत्कार्यी लागले' म्हणून तो समाधानाने दुसरी जिलबी उचलतो! ती रक्कम त्याच गटात राहावी आणि वर्षाअखेर हजेरीच्या प्रमाणात वाटली जावी.

५. वजन गटाच्या मोठ्या काट्यावर, ठरल्या वारी, एकाच वेळी व्हावे. आकडा मात्र वहीत राहावा, फळ्यावर लिहू नये. कोणाच्या देहाची चेष्टा होऊ लागली तर तेथेच वर्ग बंद समजावा.

६. वर्गणी घेऊन सोडत काढण्याच्या फंदात पडू नये. ते कायद्यास धरून होत नाही, आणि संस्थेच्या नावासही शोभत नाही.

या सर्वांत न्यासाने द्यावयाचे ते सभागृह, एक चांगला काटा, आणि महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर किंवा परिचारिका. एवढा खर्च कोणाच्या शिष्यवृत्तीतून काढावा लागणार नाही.

वाचक बंधुभगिनींनो, या प्रयोगांवरून एवढे म्हणता येते, की पैसा मनुष्यास दारापर्यंत आणतो आणि काही काळ आत बसवितो. त्यापुढे त्यास टिकवितात ती बाजूच्या सतरंजीवरील माणसे आणि पायांस लागलेली सवय. लहान मूल सायकल शिकते तेव्हा वडील मागून बैठक धरतात. एक दिवस हात केव्हा सुटला ते मुलास कळतही नाही. अनामतीचा हात तसा असावा. तो पहिल्या दिवसापासून सुटण्याच्या बेताने धरावा.

त्या वर्गात अखेरपर्यंत येणाऱ्या तिघी भगिनींस आम्ही मुद्दाम विचारले, की आपण कशाच्या बळावर टिकलात? त्यांतील एकीने उत्तर दिले, "आम्ही तिघी एका रिक्षाने येतो. एक आली नाही तर भाडे दोघींना पडते." आमचा हा सारा लेख त्या उत्तरात आला आहे. येत्या सभेत प्रश्न पुन्हा निघेल तेव्हा सभासदांनी ते ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून आम्ही रजा घेतो.